बंद यंत्रातलं डिझेल टिकवायचं सामान: कॅन, बॅरल, फिल्टर की औषधाच्या बाटल्या?

कोकणात चिखलणी उरकली की पॉवर टिलर जुलैअखेर पडवीत जातो आणि पुढच्या जूनपर्यंत हलत नाही. विदर्भ-मराठवाड्यात हरभरा निघाला की मळणी यंत्राचं इंजिन मार्चमध्येच ताडपत्रीखाली जातं. नदीकाठचं पाच एचपीचं इंजिन फक्त वीज गेली तरच आठवतं. पॉलिहाऊसचा जनरेटरही तसाच. या सगळ्यांच्या टाकीत थोडं डिझेल उरलेलं असतं आणि शेजारच्या कॅनमध्ये वीस-तीस लिटर. हंगाम तोंडावर आला की इंजिन धरत नाही, फिल्टर उघडला तर आत काळपट बुळबुळीत थर निघतो आणि मिस्त्री पंप-नोझल खोलायला लावतो.

हे टाळण्यासाठी कृषी सेवा केंद्रांत, स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि ऑनलाइन बरंच सामान विकलं जातं: प्लास्टिकचे कॅन, लोखंडी बॅरल, बॅरलचे हातपंप, जाळीची नरसाळी, पाणी वेगळं करणारे फिल्टर, पाणी ओळखायची पेस्ट, बुरशीनाशक, डिझेल टिकवायचं औषध. थोडं वापरलं जाणारं यंत्र आणि शंभर लिटरच्या आतला साठा, एवढ्याच दृष्टीने यातलं काय घेण्यासारखं आहे ते इथे पाहू. निकाल आधीच सांगतो. पाणी आत येऊ न देणाऱ्या आणि आलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या वस्तूंवर पैसे घाला. बाटल्यांचा नंबर सगळ्यात शेवटी.

आधी बिघाड समजून घ्या

डिझेल दोन वाटांनी खराब होतं. पहिली वाट हवेची आणि उष्णतेची. हवेतल्या प्राणवायूने डिझेल हळूहळू जुनं होतं, रंग गडद होत जातो, वास आंबूस-तिखट येतो आणि डिंकासारखा चिकट भाग सुटतो. तो फिल्टरच्या कागदावर आणि नोझलच्या टोकाला बसतो. २० अंशांच्या आसपास बंद ठेवलेलं चांगलं डिझेल वर्षभर टिकतं. सतत ३० अंशांच्या वर असेल तर सहा महिन्यांनंतर त्यावर भरवसा ठेवू नये. आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये काय तापमान असतं ते वेगळं सांगायला नको. तांबं, पितळ आणि जस्त यांच्या संपर्कात ही क्रिया आणखी जोरात चालते.

दुसरी वाट पाण्याची, आणि बहुतेक दुखणी हिची. डिझेलमध्ये विरघळून राहू शकणारं पाणी फार थोडं, दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास. त्यापेक्षा जास्त झालं किंवा रात्री डिझेल गार झालं की पाणी सुटून तळाला बसतं. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. पाणी आणि ऊब तिथेच मिळते, आणि खायला डिझेलमधला कार्बन असतोच. २५ ते ३५ अंश ही त्यांची आवडती ऊब, म्हणजे आपला जवळपास अख्खा पावसाळा. त्यांच्या मळीने फिल्टर बसतो, आणि त्यांच्यामुळे तयार होणाऱ्या आम्लाने टाकीच्या तळाला गंजाचे खड्डे पडतात.

पाणी येतं कुठून? अर्ध्या टाकीत दव धरतं, म्हणून टाकी भरून ठेवा, असं सगळे सांगतात. ते चूक नाही, पण हिशेब करून पाहा. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेच्या १०० लिटरमध्ये वाफेच्या रूपात पाणी असतं जेमतेम ३ ग्रॅम, आणि दिवस-रात्रीच्या फरकाने त्यातली थोडीच हवा रोज बदलते. जनरेटरच्या मोठ्या, अर्ध्या रिकाम्या टाकीत सगळ्या पावसाळ्यात यातून काही ग्रॅमपासून काही दहा ग्रॅमपर्यंत पाणी साचेल. बुरशीला ते पुरतं, हे खरं. पण टिलरच्या पाच-सहा लिटरच्या टाकीत दवाने येणारं पाणी नगण्य. तिथे कपभर पाणी सापडलं तर ते झाकणातून, कॅनच्या बुचातून किंवा डिझेल विकत घेतानाच आलेलं असतं. म्हणून सगळं लक्ष झाकणावर.

सध्याच्या डिझेलबद्दलही थोडं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आहे. त्यात गंधक दहा लाखांत १० भागांपेक्षा जास्त नसतं, बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० होती. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणपणा कमी होतो, पण तो भरून काढायचं द्रव्य कंपनीच मिसळते आणि मानकात त्याची कसोटी आहे. त्यामुळे ‘बीएस-६ साठी ल्युब्रिसिटी वाढवणारं’ म्हणून विकली जाणारी बाटली अधिकृत पंपावरच्या डिझेलला लागत नाही. आयएस १४६० मानकानुसार डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं. बायोडिझेल साध्या डिझेलच्या दहापटीहून जास्त पाणी धरून ठेवतं आणि लवकर जुनं होतं. रस्त्याकडेच्या टपरीवजा पंपावर ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात मिळणारा माल तर साठवायच्या यंत्रात अजिबात घालू नका. त्यात नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कॅन: इथे कंजूषी नको

थोडं वापरणाऱ्यासाठी सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे एचडीपीईचा, म्हणजे कडक, टिकाऊ प्लास्टिकचा, जाड २० लिटरचा कॅन. डिझेलला एचडीपीई उत्तम चालतं, गंज नाही, आणि माणूस एकट्याने उचलून टाकीत ओतू शकतो. ३५ आणि ५० लिटरचेही मिळतात, पण भरलेला ५० लिटरचा कॅन चाळीस किलोच्या पुढे जातो. तो उचलून नेमका ओतता येत नाही, मग नळी तोंडाने ओढायची वेळ येते. २०चेच दोन घ्या.

घेताना तीन गोष्टी बघा. रंग निळा किंवा काळा, अपारदर्शक. पांढऱ्या अर्धपारदर्शक कॅनमध्ये आतली पातळी दिसते हे सोयीचं वाटतं, पण उजेडाने डिझेल लवकर जुनं होतं. असा कॅन असेलच तर पोत्यात गुंडाळून अंधारात ठेवा. दुसरं, झाकणाच्या आत वेगळी रबरी चकती हवी. नुसतं प्लास्टिकवर प्लास्टिक आवळणारं झाकण दुकानात घट्ट वाटतं आणि दोन महिन्यांत ढिलं पडतं. चकती काळ्या नायट्राइल रबराची असावी, साधं रबर डिझेलमध्ये फुगून वेडंवाकडं होतं. तिसरं, तळ. कॅन कोपऱ्यावर टेकून उभा राहिला पाहिजे, म्हणजे वापरताना पाणी एका कोपऱ्यात धरून ठेवून वरचं डिझेल ओतता येतं.

झाकण खरंच बंद होतं का, हे पाणी न घालता तपासता येतं. सकाळी गारव्यात रिकामा, नवा कोरडा कॅन घट्ट बंद करून उन्हात ठेवा. तासाभरात त्याचं पोट फुगलेलं दिसलं पाहिजे आणि झाकण सैल करताच हवा सुटल्याचा आवाज आला पाहिजे. फुगला नाही, आवाज नाही, म्हणजे तो श्वास घेतोय. असा कॅन परत करा. बाजारातल्या बिनचकतीच्या स्वस्त कॅनची खरी परीक्षा इथेच होते. चकती बदलून मिळत असेल तर तोच कॅन सुधारतो, नाहीतर त्यात डिझेल आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नये.

भरताना काठोकाठ नको. डिझेल तापलं की वाढतं: १० अंशांना साधारण ०.८ टक्के. २० लिटरचं डिझेल पहाटेच्या २० अंशांवरून दुपारच्या ४० वर गेलं तर एका लिटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे तीनशे मिलीलिटरहून थोडी जास्त वाढ. वरती ५ टक्के जागा सोडली की पुरे. कॅनवर चिकटपट्टी लावून भरल्याची तारीख आणि लिटर लिहा.

आता घरात पडलेले डबे. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा कॅन कितीही धुतला तरी डिझेलला वापरू नये. विषाचा प्रश्न आहेच, शिवाय त्या औषधात पाणी आणि तेल एकत्र धरून ठेवणारं द्रव्य असतं. त्याचा अंश राहिला की डिझेलमधलं पाणी तळाला बसतच नाही, दुधी होऊन फिरत राहतं, आणि पाणी वेगळं करणारा चांगल्यातला चांगला फिल्टर निकामी ठरतो. साबणाने, निरम्याने धुतलेल्या कॅनचंही तेच. डिझेलचा कॅन धुवायचा तो अर्धा लिटर डिझेलनेच. गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा तर नकोच: झाकण बसत नाही, सांध्याला गंज चढतो आणि उरलेलं गोडेतेल आंबून डिझेलमध्ये चिकटा सोडतं.

बॅरल आणि त्याचा हातपंप

२०० लिटरचं लोखंडी बॅरल स्वस्त पडतं म्हणून घ्यावंसं वाटतं. सहा महिन्यांत १५० लिटर तरी संपवणारा ट्रॅक्टर दारात असेल तरच घ्या. फक्त टिलर आणि इंजिनसाठी बॅरल नको, कारण तळचं डिझेल वर्षानुवर्षं तिथेच राहतं.

घेतलंच तर जुनं बॅरल इंजिन ऑइलचं किंवा हायड्रॉलिक ऑइलचं असावं, रसायनाचं नको. आतून जस्ताचा मुलामा नसावा. जस्त डिझेलमधल्या आम्लांशी मिळून साबणासारखा पदार्थ तयार करतं आणि तो नोझलमध्ये जाऊन बसतो. त्याच कारणाने जीआय पत्र्याची बनवून घेतलेली टाकीही नको. स्थानिक वेल्डर ती हमखास सुचवतात, कारण पाण्यासाठी तीच चालते.

उभ्या बॅरलच्या वरच्या कडेत पावसाचं पाणी साचतं. दिवसा तापून आतली हवा थोडी बाहेर जाते, रात्री गार होताना बॅरल आत ओढतं आणि बुचाच्या आट्यांतून साचलेलं पाणी ओढून घेतं. बूच कितीही आवळा, हे होतं. म्हणून बॅरल आडवं, दोन लाकडी ओंडक्यांवर, आणि फिरवून असं ठेवायचं की दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील. मग आतल्या बाजूने बुचांवर डिझेल उभं राहतं, ती हवाही ओढत नाहीत आणि पाणीही. उभंच ठेवायचं असेल तर एका बाजूखाली वीट सरकवून तिरकं करा, एकही बूच उताराच्या बाजूला, म्हणजे पाणी साचतं तिथे, येणार नाही असं, आणि वर पत्रा.

बॅरलवर बसवायचा फिरत्या दांड्याचा बिडाचा हातपंप ही चांगली वस्तू आहे, टिकते आणि तोंडाने नळी ओढणं बंद करते. पण त्याची सक्शन पाइप जवळपास प्रत्येक वेळी तळाला टेकेल इतकी लांब दिलेली असते. म्हणजे तो पंप सगळ्यात आधी पाणी आणि गाळच उचलतो. पाइप हॅक्सॉने कापून तळापासून ५ सेंटिमीटर वर राहील अशी करा. पाइप जस्ताची असेल तर काम झाल्यावर पंप काढून बूच लावा, वर्षभर आत बुडवून ठेवू नका. ग्रंथीतून, म्हणजे दांड्याजवळच्या पॅकिंगमधून गळायला लागला तर नट पाव फेरा आवळा. जास्त आवळला तर दांडा जड फिरतो.

साठ्याच्या कायद्याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर साठ्याला परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे. आपल्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, किमान ३५ अंश आहे, युरोपात तो ५५ च्या वर असावा लागतो. ‘डिझेल सहजी पेट घेत नाही’ हे परदेशी वाचन विदर्भातल्या मे महिन्याच्या पत्र्याच्या शेडला लागू करू नका. तिथे डब्यातल्या डिझेलवर पेटू शकणारी वाफ खरोखर असते. कडब्याच्या गंजीपासून, चुलीपासून आणि पंपाच्या स्टार्टरपासून लांब, वारा खेळता राहील अशा सावलीत ठेवा, आणि जवळ पावडरचं अग्निशामक.

पाणी ओळखायची पेस्ट: सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त उपयोग

पेट्रोल पंपावर टाकीच्या तळाचं पाणी बघायला वापरतात तीच ही पेस्ट. छोटी ट्यूब किंवा डबी अनेक वर्षं पुरते. सरळ, स्वच्छ गजाच्या किंवा लाकडी काठीच्या टोकाला दोन-तीन इंच पातळ लावायची, टाकीच्या तळाला टेकवून अर्धा मिनिट धरायची. पाणी जिथपर्यंत असेल तिथपर्यंत रंग बदलतो, कोणत्या रंगाचा कोणता होतो ते डबीवर दिलेलं असतं. काठी हलवायची नाही, नाहीतर पाणी ढवळून रेषा पुसट येते.

पेस्ट नसेल तर काचेची बाटली. यंत्र दोन दिवस न हलवता ठेवा, तळाच्या ड्रेन नटमधून पाव लिटर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि एक रात्र उभी ठेवा. सकाळी उजेडासमोर धरा. स्वच्छ, चमकदार आणि तळ कोरडा असेल तर उत्तम. तळाला वेगळा थेंब किंवा थर दिसला तर मोकळं पाणी. सगळीकडे धूसर दिसत असेल तर पाणी मिसळून राहिलंय. आणि पाणी व डिझेल यांच्या मधोमध तपकिरी-काळी, फाटक्या जाळीसारखी पापुद्र्याची रेघ दिसली, बाटली तिरकी केल्यावर ती पापुद्र्यासारखीच सरकली, तर ती बुरशी. गंजाचा गाळ तळाला बसतो, बुरशी सीमारेषेवर राहते. या एका फरकावर पुढचा खर्च ठरतो, म्हणून नीट बघा.

नरसाळं आणि फिल्टर

पितळी जाळीचं साधं नरसाळं कचरा, काडी, रंगाचे पोपडे अडवतं, पाणी अजिबात नाही. त्यावर सुती फडकं बांधायची सवय आहे, तिने उलट तंतू आत जातात.

पाणी अडवणारं नरसाळं वेगळं असतं. त्याच्या जाळीवर टेफ्लॉनचा लेप असतो, डिझेल पार होतं आणि पाणी वर थांबून शेजारच्या खोलगट भागात उरतं. दुकानातच कपभर पाणी ओतून बघा, एक थेंबही खाली यायला नको. हे काम चोख करतं, फक्त धार बारीक असते, २० लिटरला वेळ लागतो. दोन मर्यादा: विरघळलेलं पाणी ते काढत नाही, आणि साबण किंवा औषधाचा अंश असलेल्या दुधी डिझेलसमोर हरतं. जाळी ब्रशने घासू नका, लेप जातो. वर्षातून पन्नास-शंभर लिटर ओतणाऱ्याने हे जरूर घ्यावं. आमच्या मते कॅननंतरची दुसरी खरेदी हीच.

यंत्रावरचा फिल्टर बदलताना खूप गोंधळ होतो. टिलर आणि लहान इंजिनांत डिझेल टाकीतून फक्त उताराने खाली येतं, ओढायला फीड पंप नसतो. अशा ठिकाणी ‘जास्त बारीक तेवढं चांगलं’ म्हणून दोन-तीन मायक्रॉनचा फिल्टर मध्ये घातला की डिझेल पुरत नाही, लोड आला की इंजिन दम टाकतं आणि मिस्त्री पंपावर संशय घेतो. कंपनीचाच कागदी फिल्टर ठेवा आणि त्याच्या आधी पारदर्शक वाटीचा, साध्या जाळीचा सेडिमेंट कप जोडा. वाटी टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये, टाकीपेक्षा जितकी खाली बसवता येईल तितकी खाली. वाटीत पाणी दिसतं, तळाचा स्क्रू सैल करून काढता येतं. काचेची वाटी घ्या. प्लास्टिकची काही वर्षांत पिवळी आणि ठिसूळ होते.

जोडायची नळीही याच खरेदीत बघा. दुकानदार पारदर्शक पीव्हीसी नळी देतो, आतलं डिझेल दिसतं म्हणून ती आवडते. पण डिझेलमध्ये पीव्हीसी कडक होते, आकसते आणि सांध्याला हवा धरते. बंद यंत्रात तर हे हमखास. ‘इंजिन पाच मिनिटं चालतं आणि बंद पडतं’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा एवढंच असतं. आतून नायट्राइल रबर असलेली, विणकामाची फ्युएल होज घ्या आणि तारेऐवजी क्लिप लावा.

ट्रॅक्टर मोठा असेल तर गोष्ट वेगळी. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि त्यांत बहुतेक कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारी इंजिनं आली. तिथे डिझेल हजार बारच्या वर दाबलं जातं. जुन्या पंपाने सोसलेला पाण्याचा थेंब इथे इंजेक्टर घालवतो. या ट्रॅक्टरात कॅनमधलं जुनं डिझेल घालायचंच नाही, आणि कंपनीने दिलेल्या वॉटर सेपरेटरला पर्यायी स्वस्त फिल्टर लावायचा नाही.

बाटल्या

बुरशीनाशक हे औषध आहे आणि औषधासारखंच वापरायचं: रोग दिसला तर. वर सांगितलेल्या बाटलीत काळी रेघ दिसली, तर आधी टाकी पूर्ण रिकामी करून तळ पुसून घ्या, आणि मगच नव्या डिझेलमध्ये औषध. मळी तशीच ठेवून औषध घातलं तर बुरशी मरते खरी, पण मेलेला सगळा गाळ एकदम सुटून फिल्टरवर येतो. औषधाने पाणी नाहीसं होत नाही. पाणी राहिलं तर बुरशी परत येते.

मात्रा मापूनच. काही औषधं १०० पीपीएमने (दहा लाख भागांत शंभर भाग) घालायची असतात, म्हणजे २० लिटरला फक्त २ मिलीलिटर. काही हजारास एक, म्हणजे २० मिलीलिटर. हा दहापटीचा फरक आहे, त्यामुळे झाकणाच्या अंदाजाने ओतू नका, सिरिंज वापरा. चुकलेल्या मात्रेने काय होतं याचं उदाहरण विमानाचं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावरून उडालेल्या एका एअरबस ए३२१ ची दोन्ही इंजिनं हवेत अडखळू लागली. तपासात निघालं की टाकीच्या बुरशीवर घातलेलं औषध नेमून दिलेल्या मात्रेच्या सुमारे ३८ पट होतं. पीपीएमचा हिशेब चुकला होता. विमान सुखरूप उतरलं.

हातमोजे घाला, ही औषधं कातडीला लागून कायमची ॲलर्जी जडवू शकतात. आणि एक व्यावहारिक अडचण: एका लिटरच्या बाटलीत हजार लिटर किंवा त्याहून जास्त डिझेल होतं. एकट्या शेतकऱ्याची ती मुदतीत संपणार नाही. गावातल्या अवजार बँकेने किंवा गटाने एक बाटली घेऊन लागेल तसं वाटून देणं जास्त शहाणपणाचं.

डिझेल टिकवायचं औषध, म्हणजे स्टॅबिलायझर, प्राणवायूच्या क्रियेला उशीर लावतं. ते पंपावरून आणल्या दिवशीच ताज्या डिझेलमध्ये घालायचं. गडद झालेल्या डिझेलमध्ये घालून ते पुन्हा नवं होत नाही, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. सहा महिन्यांपेक्षा जास्त साठा ठेवणं भाग असेल, उदाहरणार्थ जनरेटरची मोठी टाकी, तरच घ्या. टिलरसाठी पैसे वाया. पेट्रोलसाठीचं स्टॅबिलायझर डिझेलला वापरू नका.

‘पाणी शोषून घेणारं’ म्हणून मिळणाऱ्या ज्या बाटल्यांत अल्कोहोल असतं, त्या नकोतच. अल्कोहोल पाण्याला डिझेलमध्ये मिसळवून फिल्टरमधून पुढे पंपापर्यंत नेतं, आणि फ्लॅश पॉइंटही खाली आणतं. रॉकेल घालणं, जळकं इंजिन ऑइल घालणं हे उपाय लोक अजून करतात, पण दोन्ही नकोत. रॉकेलने पंपाच्या एलिमेंटचं वंगण कमी होतं. जळक्या ऑइलमधली काजळी आणि धातूचा चुरा नोझलला घासतो.

यंत्र बंद करताना आणि पुन्हा चालू करताना

सामान कितीही चांगलं घेतलं तरी डिझेल फिरतं ठेवण्याला पर्याय नाही. लहान टाकी हंगामानंतर ताज्या डिझेलने भरा, वरती थोडी जागा सोडा. पूर्ण रिकामी करू नका, पंपाच्या प्लंजरला डिझेलचा ओलावा लागतो, कोरडा राहिला तर गंजून अडकतो. इंजिन दहा मिनिटं चालवून नवं डिझेल नोझलपर्यंत पोहोचू द्या, मग कॉक बंद. झाकणाला श्वासाचं छिद्र असतं, त्यावर प्लास्टिकची पिशवी सैल बांधा आणि सायलेन्सरवर डबा. पिशवी चालू करायच्या आधी काढायची, नाहीतर टाकीत पोकळी होऊन डिझेल उतरत नाही.

महिन्यातून एकदा चालवणार असाल तर लोडवर वीस मिनिटं, इंजिन पुरतं गरम होईपर्यंत. दोन मिनिटं फटफट करून बंद केलं तर क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिन ऑइलच्या भागात, उलट पाणी धरतं. सहा महिने झाले की कॅनमधलं डिझेल जुन्या धाटणीच्या ट्रॅक्टरच्या टाकीत एकास चार या प्रमाणात ताज्यात मिसळून संपवा आणि कॅन नव्याने भरा. भरायला ज्या पंपावर खप मोठा आहे तिथे जा. टँकर नुकताच रिकामा होत असेल तर थांबा, तळाचा गाळ उसळलेला असतो.

पुढच्या हंगामात आधी ड्रेन नटमधून पाव लिटर काढून बघा, मग कॉक उघडा. सेडिमेंट कपची वाटी धुवा, फिल्टर नवा टाका. फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन फेरे सैल करा आणि बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत वाट बघा, मग चालू धारेतच आवळा. पंपाच्या बॅन्जो बोल्टवर (डिझेलची नळी पंपाला जोडणारा पोकळ बोल्ट) तेच करा, तांब्याचा वायसर जुना असेल तर बदला, जुना वायसर पुन्हा हवा धरतो. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट एक फेरा सैल करून हँडल फिरवा, डिझेल उसळायला लागलं की आवळा. त्या धारेसमोर हात किंवा तोंड नको. डिझेल खराब निघालं असेल तर धुतलेल्या टाकीवर लावलेला नवा फिल्टर दहा तास चालल्यावर पुन्हा बदला, भिंतींना चिकटलेली मळी तेवढ्या वेळात सुटून येते. काढलेलं पाणी-डिझेल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका, जुनं ऑइल नेणाऱ्या गॅरेजला द्या.